वायफाय ड्रायव्हरच्या हॅलचं डॉक्युमेंटेशन: वेगळी विकी, डॉक्सिजन की कर्नेल-डॉक?

ड्रायव्हर उभा राहिला, पॅकेट ये-जा करू लागली, की टीममध्ये कुणीतरी विचारतं: हॅलबद्दल (हार्डवेअर अ‍ॅब्स्ट्रॅक्शन लेयर, म्हणजे चिपच्या रजिस्टरांशी थेट बोलणारा ड्रायव्हरचा खालचा थर) आपल्याला जे कळलंय ते लिहून कुठे ठेवायचं? प्रश्न उशिरा येतो, म्हणून घाईत सुटतो. जे साधन आधीपासून हाताशी असेल तेच घेतलं जातं आणि मग वर्षानुवर्षं तेच चालतं. तुम्ही आत्ता या टप्प्यावर असाल तर थोडं थांबून विचार करावा, म्हणून हे लिहितोय.

पर्याय मुख्यतः तीन. कोडपासून वेगळी ठेवलेली विकी किंवा हस्तपुस्तिका. कोडमधल्या कमेंटमधून पानं काढून देणारं डॉक्सिजन. आणि लिनक्स कर्नेलची स्वतःची कर्नेल-डॉक पद्धत, जिच्यातून स्फिंक्स पानं बनवतं. तिन्हींसोबत मी काम केलंय आणि आता तिसरी वापरतो. पहिल्या दोन्हींमध्ये खरे गुण आहेत आणि तुमची परिस्थिती माझ्यापेक्षा वेगळी असू शकते, हे मनात ठेवूनच पुढचं वाचावं. सी, रजिस्टर, डीएमए, मॅक८०२११ या गोष्टी तुमच्या परिचयाच्या आहेत असं धरलंय.

हॅलमधली सगळी माहिती एका दर्जाची नसते

मॅक८०२११ च्या, म्हणजे लिनक्सच्या सामाईक वायफाय थराच्या पातळीवर लिहिताना पाठीशी आयईईईचं ८०२.११ हे प्रमाण असतं. बीकन कधी जायचा, पॉवर-सेव्हमध्ये गेलेल्या स्टेशनसाठी फ्रेम कशा राखून ठेवायच्या, यावर दोघांचं जुळलं नाही तर प्रमाण उघडून बघायचं आणि वाद मिटवायचा. हॅलच्या खाली असा आधार नसतो. एखाद्या रजिस्टरच्या अमुक बिटाने नेमकं काय होतं हे चिप घडवणाऱ्यांना ठाऊक, आणि त्यांचा कागद बहुतेक वेळा गोपनीयतेच्या कराराआड. तो हाती आला तरी चिपच्या पुढच्या रिव्हिजनला जसाच्या तसा लागू पडेल याची खात्री नाही.

अथेरॉसच्या चिप्सचा इतिहास यासाठी मुद्दाम आठवावा असा आहे. मॅडवायफाय या लिनक्स ड्रायव्हरचा वरचा भाग खुला होता, पण हॅल तयार बायनरीच्या रूपात मिळायचा. कारण असं दिलं जायचं की रेडिओची फ्रिक्वेन्सी आणि पॉवर सॉफ्टवेअर ठरवतं, त्यामुळे हॅल खुला केला तर कुणीही परवानगीबाहेर प्रक्षेपण करू शकेल. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी रायक फ्लोएटर यांनी ही बायनरी उलगडून स्वतंत्र हॅल लिहिला. तो २००५ मध्ये ओपनबीएसडी ३.७ सोबत आला. त्यावरून लिनक्ससाठी ओपनहॅल बेतला गेला. तो वापरणं कायद्याच्या दृष्टीने ठीक आहे का याची छाननी सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने केली, आणि त्यात अथेरॉसच्या कॉपीराइटचा भंग होत नाही असा निर्वाळा २००७ मध्ये दिला. २००८ मध्ये त्याच घराण्यातला एथ५के हा ड्रायव्हर लिनक्स २.६.२५ मध्ये दाखल झाला. त्याच वर्षी अथेरॉसने स्वतः एथ९के दिला, तो २.६.२७ मध्ये आला. आणि जुन्या हॅलचा सोर्सही आयएससी या मुक्त परवान्याखाली खुला झाला.

म्हणजे एकाच कंपनीच्या चिप्सबद्दलची माहिती किती वाटांनी आली बघा. काही बायनरी उलगडून, काही कंपनीकडून, काही कार्डांवर प्रयोग करून. एथ५केची रजिस्टरांची हेडर फाइल उघडली तर माथ्यावरच ही वंशावळ दिलेली आहे: ओपनबीएसडीचा कोड, ८०२.११ई वरचे निबंध, अथेरॉसची जाहीर सादरीकरणं, कंपनीच्या रेडिओ-टेस्ट प्रोग्रामचा मेमरी डंप, एथ९के, खुला झालेला जुना हॅल, आणि नेटवर सापडलेले डीबग संदेश. खाली गेलं की रजिस्टरांशेजारी चौकटी कंसात चिपची पिढी दिसते, आणि बऱ्याच ठिकाणी प्रश्नचिन्ह दिसतं. लिहिणाऱ्याला खात्री नव्हती, आणि त्याने ते तसंच ठेवलं. हॅलच्या डॉक्युमेंटेशनचा याहून प्रामाणिक नमुना माझ्या पाहण्यात नाही.

पर्याय निवडताना म्हणूनच मी आता एकच गोष्ट आधी बघतो: हे प्रश्नचिन्ह कुठे टिकेल?

विकी, आणि ती का सुटली

विकीचे गुण आधी सांगतो, कारण ते मोठे आहेत. रीसेटचा क्रम समजावायचा असेल तर चित्राला पर्याय नाही. चिप जागी करणं, घड्याळ लावणं, मॅक आणि बेसबँड रीसेट करणं, सुरुवातीच्या किमतींची तक्ती रजिस्टरांत भरणं, ईईप्रॉममधल्या (कार्डावरच्या कायम स्मृतीतल्या) कॅलिब्रेशनने त्यांवर दुरुस्ती करणं, चॅनल लावणं, बेसबँड चालू करून नॉइज फ्लोअर मोजायला लावणं, मग रांगा आणि इंटरप्ट. हे सगळं कोडमध्ये चार-पाच फाइलींत विखुरलेलं असतं. नवीन माणसाला तो रस्ता एका पानावर दाखवणं विकीलाच जमतं. हार्डवेअरचे लोक, टेस्टिंगचे लोक, ज्यांना गिटशी देणंघेणं नाही असे सगळे तिथे लिहू शकतात. आमच्याकडे सर्वांत उपयोगी निरीक्षणं अँटेनाचं काम करणाऱ्यांकडून आली आणि ती त्यांनी विकीवरच लिहिली होती.

मग अडचण कुठे आली? शंकेचे शब्द गळून पडण्यात.

जुन्या एका कामात आमच्या विकीवर रीसेटच्या पानावर एक ओळ होती. आशय असा: रीसेटनंतर एवढा वेळ थांबलं की बेसबँड नीट उठतो असं आपल्याकडच्या बोर्डांवर दिसतं; जुन्या रिव्हिजनवर पाहिलेलं नाही. लिहिणारा जाणता होता आणि त्याने जेवढं पाहिलं तेवढंच लिहिलं होतं. पुढे ग्राहकाला कागदपत्रं द्यायची वेळ आली तेव्हा भाषा एकसारखी करण्याचं काम निघालं. सगळी वाक्यं आज्ञार्थी, छोटी, स्वच्छ. त्यात ती ओळ झाली: रीसेटनंतर एवढा वेळ थांबावे. "दिसतं" गेलं, "आपल्याकडच्या बोर्डांवर" गेलं, "पाहिलेलं नाही" गेलं. ज्याने ही सफाई केली त्याचं काम भाषा नीटनेटकी करण्याचं होतं, आणि ते त्याने चोख केलं.

बऱ्याच काळाने जुन्या रिव्हिजनची चिप असलेला बोर्ड टेबलावर आला. गार अवस्थेतून चालू केला की कधी कधी प्रक्षेपण व्हायचं पण काहीही ऐकू यायचं नाही. पुन्हा चालू केला की ठीक. आम्ही अँटेनाचा स्विच तपासला, ईईप्रॉमचे बाइट ताडून पाहिले, डिस्क्रिप्टरच्या रांगा उलगडल्या, नॉइज फ्लोअरचे आकडे कागदावर मांडले. त्या थांबण्याच्या वेळेवर संशय यायला फार उशीर लागला, कारण ती गोष्ट "डॉक्युमेंटमध्ये दिलेली" होती. विकीला इतिहास असतो हे खरं. जुनं रूप काढून बघता आलं असतं. पण मध्ये एक विकी सोडून दुसरी घेतली गेली होती, आणि पानं नव्या घरी आली तेव्हा त्यांचा इतिहास मागेच राहिला होता.

माझ्या दृष्टीने विकीचा निकाल इथे लागला. विकी जुनी पडते ही तक्रार सगळेच करतात, आणि शिस्त असेल तर तीवर उपाय आहे. पण विकीवरचं वाक्य कोड बदलला नाही तरी अधिक ठाम होत जातं, यावर मला उपाय सापडला नाही. दर हाताने ते थोडं घासलं जातं आणि दर वेळी त्यातली शंका कमी होते. वरच्या थरातल्या एपीआयला याने फारसं बिघडत नाही, कारण तिथे खरं काय ते कोड वाचून कळतं. हॅलमध्ये कोड वाचून एवढंच कळतं की इतका वेळ थांबलोय. का, आणि कुणाच्या भरवशावर, ते कळत नाही.

तुमची टीम लहान असेल, विकीला एकच मालक असेल आणि तो भाषेच्या सफाईला नकार देऊ शकत असेल, तर हा त्रास कदाचित तुम्हाला होणार नाही. अशी टीम मी पाहिली आहे. ती एका माणसावर उभी होती.

डॉक्सिजन

हे १९९७ पासूनचं साधन आहे आणि त्याच्याबद्दल माझं मत चांगलं आहे. ड्रायव्हर लिनक्सबाहेरही चालवायचा असेल, फर्मवेअरचा भाग सी++ मध्ये असेल, किंवा ग्राहकाला फक्त हेडर फाइली आणि बंद लायब्ररी द्यायची असेल, तर डॉक्सिजनला तोड नाही. इएसपी३२ या वायफाय चिपसाठीची ईएसपी-आयडीएफ ही सॉफ्टवेअरची चौकट बघा. तिथे वायफायचा गाभा बंद लायब्ररीत आहे, आणि बाहेरच्या एपीआयचं डॉक्युमेंटेशन डॉक्सिजनच्या कमेंटमधून काढून स्फिंक्समध्ये मांडलं जातं. वापरणाऱ्याला आत डोकावायचंच नाही, तेव्हा ही रचना योग्यच आहे.

हॅल स्वतः लिहिणाऱ्यांसाठी मात्र ते मला दोन ठिकाणी तोकडं वाटलं.

पहिलं, फंक्शन पॉइंटर. हॅल म्हणजे शेवटी ऑप्सचं टेबल: वर एक कॉलबॅक, खाली चिपच्या प्रत्येक घराण्याचं वेगळं फंक्शन. एथ९केमध्ये एआर५००८, एआर९००२ आणि एआर९००३ अशा वेगळ्या फाइली आहेत आणि चालू करतानाच कोणती फंक्शनं टेबलात बसवायची ते ठरतं. डॉक्सिजनचा कॉल-ग्राफ पॉइंटरपाशी येऊन संपतो. म्हणजे आलेख सर्वांत हवा असतो तिथेच तो नसतो. सोर्समधल्या दुव्यांवरून शोधता येतं, पण तेवढं तर एडिटरही करतो.

दुसरं, इशारे. कमेंट नसलेल्या प्रत्येक गोष्टीबद्दल डॉक्सिजन इशारा देतं, आणि बिल्ड व्यवस्थेत इशाऱ्याला चूक मानायची सोय चालू केली की लोक रकाने भरायला लागतात. "चॅनल लावतो. पॅरामीटर: चॅनल." चिपच्या चार घराण्यांसाठी चार वेळा हेच. मी ज्या कोडवर काम केलं तिथे अशा ओळी इतक्या झाल्या होत्या की एखादी खरी माहितीची ओळ त्यात आली तरी डोळा तिच्यावरून घसरायचा. यात सगळा दोष साधनाचा म्हणता येणार नाही, इशारे बंदही करता येतात. पण सवय लागते ती त्या दिशेने.

एक गोष्ट मात्र डॉक्सिजनच्या बाजूने जोर देऊन सांगायला हवी. त्यात स्वतःच्या खुणा बनवता येतात आणि त्या खुणांची सगळी ठिकाणं एका पानावर आपोआप जमतात. "न तपासलेलं" अशी खूण बनवली तर हॅलमधल्या सगळ्या शंकांची यादी एका जागी मिळते. कर्नेल-डॉकमध्ये ही सोय नाही. डॉक्सिजन घेणार असाल तर पहिल्या दिवशी हीच एक खूण बनवा, बाकीची सजावट नंतर.

कर्नेल-डॉक

लिनक्स ४.८ पासून, म्हणजे २०१६ पासून, कर्नेलची पानं स्फिंक्समधून बनू लागली. त्याआधी डॉकबुक होतं. कमेंटचं रूप तुम्हाला माहीत आहे. दोन ताऱ्यांनी सुरू होणारी कमेंट, नाव, पॅरामीटर, परत येणारी किंमत. याखेरीज दोन गोष्टी हॅलसाठी खास कामाच्या आहेत आणि त्या फार कमी वापरल्या जातात.

एक म्हणजे "डॉक" हा मोकळा परिच्छेद, जो कुठल्याही फंक्शनला बांधलेला नसतो. फाइलच्या माथ्यावर तो लिहायचा: हा भाग चिपच्या कुठल्या तुकड्याशी बोलतो आणि तो तुकडा काय करतो. एथ५केमध्ये निक कोसिफिडिस यांनी २०११ च्या अखेरीस हार्डवेअरच्या सगळ्या फंक्शनांना कर्नेल-डॉक कमेंट जोडल्या, तेव्हा असे परिच्छेदही लिहिले. प्रोटोकॉल कंट्रोल युनिटची फाइल किंवा रांगांची फाइल उघडून वाचा. चिपचं डेटाशीट हाती नसलेल्या माणसालाही एक चित्र उभं राहतं.

दुसरी म्हणजे "कॉन्टेक्स्ट" हा रकाना: हे फंक्शन कुठल्या अवस्थेत बोलवायचं, झोपू शकतं का (म्हणजे मध्ये थांबून वाट बघू शकतं का), कुठला लॉक हातात हवा. मॅक८०२११ च्या ऑप्सच्या टेबलावर जवळजवळ प्रत्येक कॉलबॅकपाशी "हे झोपू शकतं" किंवा "हे अ‍ॅटॉमिक असलंच पाहिजे" (म्हणजे झोपता कामा नये) असं लिहिलेलं आहे, आणि मी पाहिलेल्या कर्नेलमधल्या डॉक्युमेंटेशनमध्ये सर्वांत जास्त वेळा उपयोगी पडलेली ओळ तीच. हॅलमध्ये ती आणखी महत्त्वाची ठरते. एथ९केचा हार्डवेअरचा थर दोन ड्रायव्हर वापरतात, एक पीसीआयचा आणि दुसरा यूएसबीचा. पीसीआयवर रजिस्टर वाचणं म्हणजे मेमरीतून वाचण्यासारखं सरळ. यूएसबीवर तेच वाचणं म्हणजे फर्मवेअरला आज्ञा पाठवून उत्तराची वाट बघणं, म्हणजेच झोपणं. ओळ तीच, करार वेगळा. ही गोष्ट कोडकडे बघून दिसत नाही. कुणीतरी लिहावीच लागते, आणि ती जिथे फंक्शन लिहिलंय तिथेच हवी.

अशाच आणखी एका कराराचं उदाहरण: एककं. मॅक८०२११ वरून पॉवर येते ती डीबीएममध्ये. एथ५केचं पॉवर-मर्यादेचं फंक्शन घेतं अर्ध्या डीबीच्या पायऱ्यांत. बोलवणारा दोनाने गुणतो. पॅरामीटरच्या ओळीत "०.५ डीबीच्या पायऱ्यांत" असं लिहिलेलं आहे म्हणून निभावतं. ती ओळ विकीवर असती तर तो गुणाकार काढून टाकणारा पॅच कधीतरी आलाच असता असं मला वाटतं.

तिसरं, झोपलेली चिप. अथेरॉसच्या चिप्सवर काम केलेल्या प्रत्येकाने लॉगमध्ये "डेडबीफ" हा सोळाच्या पायातला आकडा पाहिलेला असतो, बहुधा डीएमए थांबलं नाही या संदेशाच्या शेजारी. चिप झोपलेली असताना रजिस्टर वाचलं की हा आकडा हाती येतो. एथ९केमध्ये त्यासाठी जागं करण्याचं आणि पुन्हा सोडून देण्याचं फंक्शन आहे, आणि हॅलला हात लावणाऱ्याने आधी जागं केलेलं असावं हा अलिखित नियम. असे अलिखित नियम ऑप्सच्या टेबलावर लिहून टाकणं, हे मला डॉक्युमेंटेशनमधलं सर्वांत मोलाचं काम वाटतं. एथ९केच्या हार्डवेअर थराच्या हेडरमध्ये हार्डवेअरच्या अंतर्गत कॉलबॅकचं टेबल आहे, त्यावरची कमेंट नमुना म्हणून बघावी. करार टेबलावर एकदाच लिहिलेला आहे, प्रत्येक चिपच्या फंक्शनवर पुन्हा पुन्हा उगाळलेला नाही.

आता प्रश्नचिन्हाकडे. कोडमधली कमेंटही कुणी घासूनपुसून ठाम करू शकतोच. फरक एवढाच की ते पॅच म्हणून येतं. उणे चिन्हाच्या ओळीत "बहुधा" असतं, अधिक चिन्हाच्या ओळीत नसतं, आणि बघणारा विचारतो: कुठल्या बोर्डावर पाहिलंस? हा प्रश्न मी विकीवर कधी कुणाला विचारताना पाहिला नाही. पॅचवर तो सहज येतो. शिवाय गिट ब्लेमने (ओळ कुणी, कधी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेने) त्या ओळीवरून सरळ त्या पॅचच्या निरोपापर्यंत, म्हणजे कमिट मेसेजपर्यंत जाता येतं, जिथे कुठली चिप, कुठला बोर्ड, काय बिघडलं होतं हे लिहिलेलं असतं. फाइली इकडच्या तिकडे झाल्या तरी ब्लेमला हलवाहलव शोधून काढायला सांगता येतं.

एथ५केच्या रीसेटच्या फाइलमध्ये बेसबँड चालू केल्यानंतर थांबण्याचा वेळ मोजलाय, तिथे एक छोटी कमेंट आहे. तिचा भाव असा: टर्बो मोडमध्ये हा निम्मा करायचा का? सध्या सुरक्षित बाजूने राहू. वर्षं लोटली, त्या फाइलीत बदल होत गेले, आणि ती शंका जिथे होती तिथेच आहे. आमच्या विकीवरच्या त्या ओळीच्या नशिबी हे आलं असतं तर आमचा बराच मनस्ताप वाचला असता.

कर्नेल-डॉकचे दोष? आहेत, आणि मला रोज भेटतात. चित्र काढायची सोय कमेंटमध्ये नाही. रजिस्टरांच्या शेकडो व्याख्यांसाठी ही पद्धत अवघड पडते. तिथे साध्या कमेंटच लिहाव्या लागतात आणि त्या छापील पानावर येत नाहीत. कमेंट लिहिली म्हणून ती पानावर येईल असंही नाही, वेगळ्या आरएसटी फाइलमध्ये तिला बोलवावं लागतं. कमेंटमध्ये यादी लिहिली आणि समास थोडा चुकला की स्फिंक्स कुरकुरतं. सगळी पानं बनवायला वेळही बराच लागतो. रोजच्या कामात मी फक्त इशारे तपासतो, त्यासाठी बिल्ड करताना इशाऱ्यांची पहिली पातळी चालू ठेवली की पुरतं. आणि हार्डवेअरचे लोक इथे लिहायला येत नाहीत. हे शेवटचं नुकसान खरंच मोठं आहे आणि त्याची पूर्ण भरपाई मला जमलेली नाही. त्यांच्याशी बोलून मीच त्यांच्या वतीने पॅच पाठवतो, आणि माहिती कुणाची ते निरोपात लिहितो.

मी प्रत्यक्षात काय करतो

हॅलमधल्या, जिचं कारण सहज उमगत नाही अशा प्रत्येक ओळीशेजारी मी माहितीचा उगम लिहितो. चारच प्रकार ठेवलेत: कंपनीच्या कागदातून, दुसऱ्या ड्रायव्हरच्या कोडमधून, बोर्डावर पाहून, किंवा अंदाज. "बोर्डावर पाहून" असेल तर चिपची रिव्हिजनही लिहितो. टीममध्ये सुरुवातीला याचा कंटाळा केला गेला. पण नव्या रिव्हिजनची चिप येते तेव्हा "बोर्डावर" आणि "अंदाज" एवढेच दोन प्रकार शोधून आधी तपासायचे, हे कळल्यावर कुणी कुरकुर केली नाही.

सुरुवातीच्या किमतींची तक्ती मी ओळीओळीने समजावायच्या फंदात पडत नाही. एआर९००३ च्या तक्त्यांमध्ये पानंच्या पानं सोळाच्या पायातले आकडे आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचा अर्थ बाहेर कुणाला ठाऊक नाही. तिथे माथ्यावर रकान्यांची नावं मात्र दिलेली आहेत: ५ गिगाहर्ट्झसाठी २० आणि ४० मेगाहर्ट्झ रुंदी, मग २.४ गिगाहर्ट्झसाठी ४० आणि २०. दुसऱ्या बँडमध्ये क्रम उलटा आहे, नीट बघा. रकान्यांचा क्रम आणि तक्ती कुठून आली एवढं लिहिलं की पुरे. ओळींचा अर्थ लावायला गेलं की अंदाज वाढत जातात.

प्रक्षेपणाच्या पॉवरबद्दल मात्र हात आखडता घेऊ नये. ईईप्रॉममधली कॅलिब्रेशनची मर्यादा, त्यातलीच चाचणीच्या अटींतून आलेली मर्यादा, देशाच्या नियमांची मर्यादा आणि वापरणाऱ्याने मागितलेली पॉवर, यातली सर्वांत कमी कोणती ते कुठल्या फंक्शनमध्ये ठरतं, हे स्पष्ट लिहिलेलं असावं. भारतात २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे पट्टे मोठ्या प्रमाणात परवानामुक्त झाले, आणि तेव्हा इथल्या उत्पादनांवर काम करणाऱ्यांना नियमांची तक्ती बदलून ईईप्रॉमची मर्यादा कुठे आड येते ते शोधावं लागलं. ज्या ड्रायव्हरमध्ये हा क्रम लिहिलेला होता तिथे काम लवकर उरकलं, एवढं मी माझ्या अनुभवावरून सांगू शकतो.

विकी मी पूर्ण टाकलेली नाही. रीसेटचं चित्र, रांगांचं चित्र आणि नव्या माणसाने कुठली फाइल आधी वाचावी, एवढी तीन पानं आहेत. त्यांवर एकही आकडा नाही, एकही वेळ नाही, एकही बिट नाही. एखाद्या पॅचने जे खोटं ठरू शकतं ते सगळं कोडमध्ये.

तुमच्यासाठी

तुमचा ड्रायव्हर लिनक्सच्या मुख्य झाडात जाणार असेल, किंवा जावा अशी इच्छा असेल, तर कर्नेल-डॉकवर फार विचार करायची गरज मला वाटत नाही. तिथले लोक तीच भाषा बोलतात. झाडाबाहेर राहणार असाल आणि हॅल अनेक ऑपरेटिंग सिस्टिमना पुरवायचा असेल, तर डॉक्सिजन रास्त आहे. "न तपासलेलं" ही खूण तेवढी विसरू नका. फ्रीबीएसडीवर असाल तर तिथल्या अथेरॉस हॅलच्या मुख्य हेडरवरची कमेंट वाचा: हॅल जोडून घेतल्यावर हाती आलेला संदर्भ कसा वापरायचा, आणि त्याआधी एबीआयची (बायनरी जोडणीच्या कराराची) आवृत्ती ताडून घ्यायची, हे तिथे मोजक्या ओळींत सांगितलंय. मॅन पान फक्त वापरणाऱ्यासाठी आहे, ते हॅल लिहिणाऱ्याला पुरणार नाही.

आणि टीममध्ये हार्डवेअरची माणसं जास्त, गिट वापरणारी कमी असं असेल, तर विकीनेच सुरुवात करा, मी आग्रह धरणार नाही. फक्त पानांची भाषा सुधारायला देताना "दिसतं", "बहुधा", "पाहिलेलं नाही" या शब्दांना हात लावायचा नाही हे आधी सांगून ठेवा, आणि विकी बदलायची वेळ आली तर इतिहासासकट हलवता येईल अशीच घ्या. कोडमध्ये लिहायला लागाल तेव्हा रीसेटच्या फाइलपासून सुरू करा. थांबण्याचे वेळ तिथेच सर्वांत जास्त असतात, आणि ते कुठून आले हे सांगू शकणारी माणसं अजून टीममध्ये असतात.